ऐंशी सेनची करी

"ताई, हे ओरिजिनल हाय का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. सोबत फोटो असतो. कधी पुण्यातल्या मॉलमधला सुशीचा ट्रे, कधी साताऱ्यातल्या कुठल्याशा कॅफेतला 'रामेन बाऊल'. त्यात अर्धं उकडलेलं अंडं आणि वर, का कोण जाणे, शेव. पाठवणारी माझी मावसभावंडं, त्यांचे मित्र, एकदा तर वडूजच्या आमच्या आळीतल्या मेडिकलवाल्यांचा मुलगा. मी पुण्यात जपानी शिकले, चाकणला एका कंपनीत दुभाषी म्हणून काम करते, कामानिमित्त दोनदा जपानला जाऊन आले. एवढ्या भांडवलावर खटाव तालुक्यापुरती मी जपानी जेवणाची हायकोर्ट झाले आहे.

वडूजला जपानी हॉटेल नाही, हे वेगळं सांगायला नको. येरळेच्या काठचं तालुक्याचं गाव. मटणाच्या खानावळी, धाब्यावरचा अख्खा मसूर, वडापाव, आणि संध्याकाळी लाल दिवे लावून उभ्या राहणाऱ्या चायनीजच्या गाड्या. आमच्यासाठी पूर्वेकडचं जग तिथंच संपतं. त्या गाडीवरचं मंच्युरियन खरं का खोटं, असा प्रश्न मात्र वडूजमध्ये कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. तिखट आहे का आणि पोट भरतंय का, एवढंच बघतात. मंच्युरियन मुंबईत जन्मलं. नेल्सन वांग नावाच्या, कोलकात्यात वाढलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. मंचुरियात ते कुणाला ठाऊक नाही. कोल्हापुरात घरोघरी 'व्हेज कोल्हापुरी' शिजत नाही, तसंच.

जपानी म्हटलं की मात्र सगळे एकदम कडक होतात. मीही झाले होते. माझ्या हायकोर्टाने दिलेला एक निकाल मला अजून टोचतो. आधी तो सांगते.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एक जण जपानी हॉटेल काढत होते. ओळखीतून माझ्याकडे आले. म्हणाले, उघडायच्या आधी एकदा चव बघा, तुम्हाला कळतं. मी गेले. खरं सांगायचं तर मिरवतच गेले. डोक्यात यादी तयार होती. वासाबी खरी आहे का, की हॉर्सरॅडिशमध्ये हिरवा रंग कालवलाय? (जपानमध्येही ट्यूबमधली बरीचशी वासाबी अशीच असते, पण ते मी त्या दिवशी सोयीस्कर विसरले होते.) सोबतचं आलं नैसर्गिक गुलाबी आहे का, की रंग टाकलाय? सूप हाडं उकळून केलंय की पुडी फोडून? आणि सगळ्यांत मोठी परीक्षा भाताची. सुशी म्हणजे मासा, असं आपल्याला वाटतं. जपानी माणसाला विचारलं तर तो आधी भाताबद्दल बोलतो.

सुशी आली. पहिला घास तोंडात घातला आणि ओळखीचा वास आला. माझी आई सणाला करते तो भात. मी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि निकाल दिला, "हा इंद्रायणी आहे. हे जपानी नाही."

मालकांनी आत हाक मारली. आचारी बाहेर आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा. बोलण्यावरून लगेच ओळखलं, आपल्याच भागातला. निघाला कातरखटावचा. वडूजपासून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, "अरे, मी वडूजची." तो हसला, पण नीट नाही. मालक म्हणाले, "मॅडम म्हणतात राइस चुकलाय." तो म्हणाला, "व्हय सर," आणि आत गेला.

उद्‌घाटनाला गेले तेव्हा काउंटरमागे वेगळा मुलगा होता. मणिपूरचा. कातरखटावचा कुठे दिसेना. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "गिऱ्हाईक समोर बघतं ना मॅडम. चेहरापण मॅच व्हायला पाहिजे." तांदूळ आता परदेशी होता. सूप तेच होतं, पुडीचं.

त्या मणिपुरी मुलालाही सुशी तिथंच येऊन शिकावी लागली होती. त्याच्या घरी मणिपूरमध्ये सुशी करत असतील, तर माझ्या घरी पिझ्झा करतात असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मी हा विषय वाचायला लागले. अपराधीपणातून म्हणा किंवा स्वतःची बाजू भक्कम करायला म्हणा. बाजू भक्कम झाली नाही. उलट जपानमध्येच आपल्या जेवणाच्या अस्सलपणावरून एक मोठं प्रकरण घडलेलं सापडलं.

जपानमध्ये करी भारतातून आली नाही. ती आली इंग्रजांच्या जहाजांतून, मेजी काळात, 'पाश्चात्त्य पदार्थ' म्हणून. १८७२ च्या एका जपानी पाकपुस्तकात करीची कृती आहे. त्यात कांद्याची पात, आलं, लसूण, लोणी, कोंबडी, कोळंबी, कालवं आणि बेडूक. हो, बेडूक. पुढे बेडूक गळला, बटाटा-गाजर आले, पीठ लावून रस्सा दाट करायची इंग्रजी पद्धत राहिली, आणि ती पिवळसर करी आरमारापासून घराघरांत पोचली. आजही जपानी नौदलात शुक्रवारी करी असते. जपानी पोराला विचारा, आईच्या हातचं काय आवडतं, तर करी सांगणारी पुष्कळ निघतील.

या करीवर चिडलेला एक भारतीय माणूस तोक्योत राहत होता. रासबिहारी बोस. १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बाँब पडला त्या कटातले. १९१५ मध्ये नाव बदलून ते जपानला निसटले. इंग्रजांच्या दबावामुळे जपान सरकारने त्यांना देश सोडायचा हुकूम दिला, तेव्हा शिंजुकूच्या नाकामुराया नावाच्या बेकरीच्या मालकांनी, सोमा आइझो आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी, त्यांना दुकानामागच्या एका चित्रकाराच्या स्टुडिओत लपवलं. पुढे १९१८ मध्ये सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचं लग्न झालं. संसार सात वर्षांचा. १९२५ मध्ये तोशिको गेली. दोन लहान मुलं मागे राहिली.

१९२७ मध्ये नाकामुरायाने वरच्या मजल्यावर खाण्याची जागा सुरू करायचं ठरवलं, तेव्हा जावयाने सांगितलं की इथे खरी भारतीय करी ठेवा. तोक्योत जे करी म्हणून विकतात ते इंग्रजांनी बिघडवलेलं आहे. आपलं जेवण जगाला इंग्रजांच्या हातून कळावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. म्हणून यादीवर नाव आलं, 'शुद्ध भारतीय करी'. बाहेर करी दहा-बारा सेनला मिळायची. ही ऐंशी सेनला. तरी लोक आले.

इथपर्यंत मला गोष्ट फार आवडली होती. बोस माझ्याच पक्षाचे वाटत होते. कडक, तत्त्वाचे. इंद्रायणी पकडणारे.

मग पुढचं वाचलं. सुरुवातीला गिऱ्हाइकांना ते जेवण पचनी पडेना. मसाल्याचा वास उग्र, कोंबडी हाडासकट, आणि आपल्याकडचा सुटा भात जपानी माणसाला कोरडा लागायचा. नाकामुरायाने काय केलं? तांदूळ बदलला. शिरोमे नावाचा चांगल्या प्रतीचा जपानी तांदूळ लावला. कोंबड्या स्वतः पाळायला सुरुवात केली. मसाल्याचं प्रमाण बसवलं. म्हणजे 'शुद्ध भारतीय करी' जपानी भातासोबत जपानी कोंबडीची होती, आणि तिच्यावर शुद्धतेचा शिक्का मारणारा माणूस त्याआधीच, १९२३ मध्ये, जपानी नागरिक झाला होता.

आणि ती शुद्ध नव्हती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? ती ज्याने केली त्याला तिच्यातून काय सांगायचं होतं ते शुद्ध होतं. शिवाय भारतीय म्हणजे कुठली? बोस बंगाली. माझ्या आजीला बंगाली कोंबडीचा रस्सा दिला असता तर ती म्हणाली असती, "ह्यात तिखट कुठाय?" १९४९ मध्ये गिंझा भागात ए. एम. नायर या दुसऱ्या क्रांतिकारकाने हॉटेल काढलं. ते केरळचे. 'नायर रेस्टॉरंट' आजही आहे, नाकामुरायाही आहे. दोन्हीकडची करी भारतीय आणि एकमेकींसारखी मुळीच नाही.

इथे एक आडवळण घेते, कारण वडूजच्या माणसाला ते घेतल्याशिवाय राहवत नाही. जून १९४२ मध्ये बँकॉकला परिषद भरली आणि रासबिहारी इंडियन इंडिपेंडन्स लीगचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा आला. गोळीबार झाला, नऊ जण गेले. शाळेत दरवर्षी हुतात्म्यांना वंदन करून आम्ही पेढा खायचो. त्या वर्षी तिकडे लीग चालवणारा माणूस शिंजुकूतल्या एका करीचा जनक आहे, हे मला कुठल्याच इतिहासाच्या तासाला कळलं नाही. कळलं असतं तर तो धडा माझा नक्की पाठ असता.

आता उलट बाजू. जपान्यांनी आपल्या जेवणाचं काय केलं ते कळलं, जगाने त्यांच्या जेवणाचं काय केलं?

२००६ मध्ये जपानचे कृषिमंत्री होते मात्सुओका तोशिकात्सु. अमेरिकेच्या दौऱ्यात कोलोरॅडोमधल्या एका 'जपानी' हॉटेलात ते जेवायला गेले, तर यादीवर सुशीच्या शेजारी कोरियन भाजलेलं मांस. मंत्री परतले ते योजना घेऊनच. परदेशातल्या जपानी हॉटेलांची तपासणी करायची, खऱ्यांना सरकारी प्रमाणपत्र द्यायचं. अमेरिकी वर्तमानपत्रांनी या योजनेला नाव ठेवलं 'सुशी पोलीस'. जगभर एवढी टिंगल झाली की सरकारला सूर बदलावा लागला. तपासणीचं रूपांतर शिफारस आणि प्रशिक्षणात झालं. २०१६ पासून परदेशी आचाऱ्यांसाठी कौशल्याची प्रमाणपत्रं आहेत. सोनं, चांदी, कांस्य. सोन्यासाठी जपानमध्ये दोनेक वर्षं काम केलेलं लागतं. यात मला एक गोष्ट आवडली. प्रमाणपत्र हाताला मिळतं, चेहऱ्याला नाही. कातरखटावचा पोरगाही ते घेऊ शकतो.

जपान सरकारच्याच मोजणीप्रमाणे २००६ मध्ये परदेशांत सुमारे २४ हजार जपानी हॉटेलं होती. २०२३ मध्ये १ लाख ८७ हजार. एवढ्या सगळ्यांवर नजर ठेवायला पोलीस आणणार कुठून?

आणि पोलीस आणले तरी ते पकडणार काय? तेम्पुरा घ्या. तळणाची ती पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याच पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची आणली, म्हणजे तेम्पुरा जपानी नसेल तर आमचा खर्डाही वडूजचा नाही. रामेन चिनी शेवयांतून आला. सुशीवरचा केशरी सामन, ज्याच्याशिवाय आपल्याकडे कुणाला सुशी सुशी वाटत नाही, तो जपानी लोक कच्चा खातच नसत. त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये जंत असण्याची भीती होती. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सामन खपवायला जपानमध्ये मोहीम काढली, आणि तिथून तो सुशीवर चढला. खुद्द सुशी म्हणजे मुळात मासे टिकवायची युक्ती. भातात मासा महिनोन्‌महिने आंबवायचा, मासा खायचा, भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या भागात ती जुनी सुशी अजून मिळते. वासाने डोळ्यांत पाणी येतं. आजची, भाताच्या गोळीवर मासा ठेवलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे जुन्या तोक्योत, रुळली. कुठे? रस्त्यावरच्या गाड्यांवर. घाईतल्या कामगारांचं उभ्याउभ्या खायचं खाणं होतं ते. थोडक्यात, वडापाव.

हे वाचल्यावर मला मंद दिवे लावलेल्या, कुजबुजत बोलायच्या सुशी हॉटेलांत हसू यायला लागलं.

आता जपानमधली आजची भारतीय हॉटेलं. पहिल्यांदा गेले तेव्हा कंपनीच्या लोकांनी मोठ्या कौतुकाने मला 'तुझ्या घरचं' जेवायला नेलं. आत नेपाळचा झेंडा, भिंतीवर ताजमहाल, मालक नेपाळी, आचारी नेपाळी. जपानमध्ये अशी हजारो हॉटेलं आहेत आणि जपानी खवय्यांनी त्यांना नावही दिलंय, 'इन्नेपा'. इंडिया आणि नेपाळ मिळून. समोर आला बटर चिकन आणि ताटाबाहेर दोन्हीकडून लोंबणारा नान, घोंगडीएवढा. "रोज एवढा खाता का?" असं माझ्या साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, "आमच्याकडे रोज बाजरीची भाकरी." त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांनी ते मनावर घेतलं नाही. बरंच झालं. नान उत्तम होता.

तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला, आपले आयटीवाले मोठ्या संख्येने राहतात. २०१९ मध्ये तिथून योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. त्यांच्या कुटुंबाचं तिथे घरगुती भारतीय जेवणाचं छोटं हॉटेलही होतं. घर आठवलं की माणूस असंच काहीतरी करतो. आमच्या खटाव-खानापूरची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तेव्हा जिथे जिथे गेली तिथे एक तरी घर असं निघालं, जिथे चटणी गावाकडून यायची. तिथे अस्सल काय हा प्रश्न नव्हताच. चटणीचा डबा किती दिवस पुरवायचा, हा होता.

मागच्या दिवाळीत वडूजला गेले होते. मावसभाऊ म्हणाला, स्टँडकडं नवी चायनीजची गाडी लागलीय, भारी आहे, चल. गेलो. कढईमागे तोच. कातरखटावचा. मी ओळखलं, त्यानेही.

"कवा आलासा ताई?"

"परवा. तू इथे?"

"पुण्यात लई झालं. आता आपलं आपुन."

काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी मी ते इंद्रायणीचं..."

"मग? इंद्रायणीच हुता की. मालकांनीच आणून दिल्याला. खोटं काय बोललासा?" कढईतला हात थांबला नाही. "फकस्त एक हाय. तुमी कुठला तांदूळ त्ये सांगितलासा. चव कशी झाल्या, त्ये सांगितलंच न्हाई."

मी आठवायचा प्रयत्न केला. तो भात कोमट होता. अंगाइतका कोमट, जसा असायला हवा तसा. दाणा मोडला नव्हता. आंबट-गोड बरोबर होतं. परदेशी तांदळाचा नंतर खाल्ला तो थंडगार होता, फ्रीजमधला. हे सगळं मला त्या पहिल्या घासातच कळलं होतं. सांगितलं मात्र नव्हतं.

"चांगला झाला होता," मी म्हटलं.

"आता काय उपयोग," तो म्हणाला आणि हसला. या वेळी नीट.

नूडल्सच्या पार्सलसोबत त्याने एक छोटी पुडी ठेवली. उघडली तर आल्याचे काप. कोवळं आलं, पातळ कापलेलं, व्हिनेगर-साखरेत मुरलेलं, कडेला फिकट गुलाबी झालेलं. रंग न टाकता कोवळ्या आल्याला येतो तो गुलाबी. साताऱ्याच्या आल्याला काय कमी आहे? पण ते असं कापून मुरवायचं वडूजमध्ये कुणाच्या डोक्यात येणार? मी विचारलं, लोक खातात का हे. म्हणाला, कांद्याच्या जागी देतो, पोरं खातात, म्हाताऱ्यांना आवडत नाही.

"अजून जरा पातळ काप," मी म्हटलं. सवयीने.

"सुरीला धार न्हाई," तो म्हणाला. "आन् ताई, त्या पुडीचं धा रुपय वायले. आलं म्हाग झालंय."